बोन मॅरो बदलला, मूल वाचले. हृदयाची राखण मात्र जन्मभर

घरात मोठे दुखणे येऊन गेले की त्याचे नाव पुन्हा काढू नये, असे सर्वांनाच वाटते. महिनोन्‌महिने इस्पितळाच्या पायऱ्या झिजवलेल्या असतात. आईचे दागिने गहाण पडलेले असतात, बापाचे कामावर खाडे झालेले असतात. शेवटी मूल घरी येते, चालू-बोलू लागते आणि 'सुटलो एकदाचे' म्हणून त्याच्या आजाराची फाइल पेटीच्या तळाशी जाते. आई-बापांचे हे मन आम्ही समजू शकतो. परंतु काही आजार असे आहेत, की जीव वाचविणारा उपचार होऊन गेल्यावरही शरीराचा एखादा भाग आतल्या आत हळूहळू बिघडत राहतो. बाहेरून काही दिसत नाही. दिसू लागते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

अशाच एका आजाराविषयी आज आम्ही लिहीत आहोत. त्याचे नाव हर्लरचा आजार. डॉक्टर मंडळी त्याला 'एमपीएस-१' या गटातील सर्वांत तीव्र प्रकार म्हणतात. हा पूर्ण गट धरला तरी साधारण एक लाख जन्मांमागे एका मुलाला तो होतो. मग इतक्या दुर्मीळ आजारावर एवढे लिहावयाचे कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की ज्या घरात असे मूल जन्मते त्या घराला शेजारीपाजारी सल्ला देणारे कोणी भेटत नाही. तापाचे, कावीळीचे दहा जण सांगतात. याचे सांगणारा एकही नसतो. शिवाय हृदयाच्या झडपांविषयी येथे जे सांगणार आहोत, त्यातील पुष्कळसे झडपेचा त्रास असलेल्या इतर कोणत्याही घराच्या उपयोगाचे आहे.

आजार आहे तरी काय?

१९१९ साली जर्मनीतील म्युनिक येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. गर्ट्रूड हर्लर या बाईंनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या नावावरूनच तो ओळखला जातो.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत जुने झालेले पदार्थ मोडून टाकण्याची सोय असते. हे काम करणारे निरनिराळे रस असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. हर्लरच्या आजारात आयड्युरोनिडेज नावाचे एक एन्झाइम जन्मतःच तयार होत नाही. ते नसल्यामुळे साखरेच्या लांब साखळ्यांसारखे काही पदार्थ मोडले जात नाहीत आणि पेशीतच साचत राहतात. कचरागाडी पंधरा दिवस आली नाही तर गल्लीचे जे होते, तेच या मुलांच्या पेशींचे होते.

जन्माच्या वेळी मूल चांगले दिसते. पहिल्या वर्ष-दीड वर्षात एकेक गोष्ट पुढे येऊ लागते. बेंबीला किंवा जांघेत हर्निया होतो. नाक सतत वाहते, कान फुटतो, झोपेत श्वासाचा आवाज होतो. पोट मोठे दिसते, कारण यकृत आणि प्लीहा वाढलेली असते. बसू लागल्यावर पाठीच्या खालच्या भागात पोक दिसते. बोटे आखडू लागतात, डोळ्यांची बुबुळे धुरकट होतात. यातील एकेक तक्रार पुष्कळ मुलांना असते. त्या सर्व एकाच मुलात एकत्र दिसू लागल्या, तर बालरोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारले पाहिजे. लघवीची तपासणी व रक्तातील एन्झाइमची तपासणी केल्यावर निदान होते. उपचार न झाल्यास मेंदूची वाढ खुंटते आणि बहुतेक मुले १० वर्षांच्या आत दगावतात. त्यांतील पुष्कळांचा मृत्यू हृदय व श्वसन निकामी झाल्याने होतो.

दोष कोणाचाही नाही

हा आजार आनुवंशिक आहे. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला जनुक आला तरच तो मुलाला होतो. आई-बाप स्वतः निरोगी असतात. त्यांना आपल्यात असे काही आहे याची जन्मभर कल्पनाही नसते. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. आधीचे मूल निरोगी झाले म्हणून पुढचे आजारी होईल, किंवा आधीचे आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही निरोगी होतील, असा हिशेब यात चालत नाही. दर वेळी चारांत एक, एवढेच खरे.

असे मूल झाले की पहिले बोट सुनेकडे जाते. 'तुमच्या घराण्यातले आले' असे म्हटले जाते. हे धादांत खोटे आहे. जनुक दोघांचाही लागतो. ग्रहण पाहिले, कोणाची नजर लागली, मागच्या जन्मीचे काही होते, या बोलण्यालाही काडीचा आधार नाही. अंगारे-धुपारे आणि देवऋषी यांत जे महिने जातात तेच महिने या मुलाच्या उपचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. आपल्या महाराष्ट्रात मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची चाल अजूनही अनेक ठिकाणी आहे. जवळच्या रक्ताच्या नात्यात एकच बिघडलेला जनुक दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते, एवढे सोयरीक जुळविताना वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

हृदयात काय साचते?

हृदयाला चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावे, मागे फिरू नये, यासाठी त्या असतात. चांगली झडप कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि लवचिक असते. हर्लरच्या आजारात न मोडलेला पदार्थ झडपेत साचतो. झडप जाड होते, तिच्या कडा गुंडाळल्या जातात. मग ती नीट मिटत नाही व रक्त मागे गळते, किंवा ती नीट उघडत नाही व रक्त अडते. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधील मायट्रल झडप आणि महारोहिणीच्या तोंडाशी असलेली एओर्टिक झडप, या दोहोंना याचा विशेष त्रास होतो. लहानपणी संधिज्वर होऊन झडप खराब झालेले रुग्ण आपल्या वस्त्यांमधून अनेकांनी पाहिले असतील. येथे कारण निराळे, पण हृदयावर पडणारा बोजा तसाच.

दुसरी गोष्ट म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होतो. काही तान्ह्या मुलांत तर आजाराचे निदान होण्यापूर्वीच हृदय फुगून निकामी होऊ लागते. तिसरी गोष्ट सर्वांत कपटी. खुद्द हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात हा पदार्थ साचतो आणि त्या अरुंद होतात. म्हाताऱ्या माणसाच्या रोहिणीत जशी एखाद्या जागी गाठ होते तसे येथे होत नाही. रोहिणी सगळ्या लांबीभर सारखी बारीक होत जाते. त्यामुळे अँजिओग्राफीतही ती कधी कधी चटकन ओळखू येत नाही.

दुसऱ्याचा बोन मॅरो कशासाठी?

मटणाच्या नळीत जो मऊ गर असतो तसाच आपल्याही हाडांत असतो. त्याला बोन मॅरो किंवा अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातील तांबड्या-पांढऱ्या पेशी तेथे तयार होतात. पण एन्झाइमचा आजार आणि रक्त तयार करणारी मज्जा यांचा संबंध कसा लागला, हे पाहण्यासारखे आहे.

१९६८ साली अमेरिकेत डॉ. एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हर्लरच्या रुग्णाच्या पेशी आणि हंटर नावाच्या दुसऱ्या अशाच आजाराच्या रुग्णाच्या पेशी त्यांनी एकत्र वाढविल्या. दोन्हींतील साठा कमी झाला. एकीकडे जे नव्हते ते दुसरीने पुरविले होते. चाळीत एका घरच्या नळाला पाणी आले की शेजारीही हंडा भरून नेतो, तसाच हा प्रकार. निरोगी पेशी आपले एन्झाइम बाहेर सोडते आणि शेजारची आजारी पेशी ते उचलून घेते.

मग निरोगी माणसाची मज्जा मुलाला दिली तर? तिच्यातून निघालेल्या पेशी रक्तावाटे यकृतात, प्लीहेत, फुप्फुसांत, मेंदूतही जाऊन राहतात आणि जन्मभर एन्झाइम पुरवितात. १९८० साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर बाल-इस्पितळात प्रा. जॅक हॉब्ज यांच्या पथकाने हर्लरचा आजार असलेल्या एका लहान बालकावर असे पहिले रोपण केले आणि त्याचा वृत्तांत १९८१ साली प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. विल्यम क्रिव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम वाढविले. २००४ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून २० मुलांचा अनुभव प्रसिद्ध झाला. नवजात बाळाच्या नाळेतील रक्त वापरून ही रोपणे केली होती आणि २० पैकी १७ मुले जगली होती. आजवर जगात ५०० हून अधिक मुलांवर हा उपचार झालेला आहे.

रोपण जितके लवकर तितके चांगले. साधारण दोन वर्षांच्या आत, मेंदूची वाढ शाबूत असताना ते व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात. २००३ पासून लॅरोनिडेज नावाचे तयार एन्झाइमही शिरेतून देता येते. ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तीव्र प्रकारात एकट्या त्याच्यावर भागत नाही. परंतु रोपणाच्या आधी मुलाची प्रकृती आणि हृदय सावरण्यास त्याचा उपयोग होतो.

रोपणानंतर हृदयाचे काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मिनेसोटा येथील बाल-हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एलिझाबेथ ब्रॉनलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपण झालेल्या मुलांच्या हृदयाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला व २००३ साली तो प्रसिद्ध केला. त्यातून दोन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट आनंदाची. हृदयाच्या स्नायूची वाढलेली जाडी कमी होते, हृदयाचे आकुंचन चांगले राहते आणि हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या मोकळ्या राहतात. ज्या कारणाने ही मुले पूर्वी अचानक जात होती, ते कारण पुष्कळ अंशी दूर होते.

दुसरी गोष्ट सावध करणारी. झडपा मात्र सुधारत नाहीत. मायट्रल आणि एओर्टिक झडपांची जाडी रोपणानंतरही वाढत राहते. कोणात ती थोडी वाढते, कोणात अधिक, कोणात पुष्कळ वर्षे जागच्या जागी राहते. परंतु ती आपोआप जाईल, असे धरून चालता येत नाही.

असे का होते? वर दिलेल्या नळाच्या उदाहरणावरूनच ते समजेल. नळाजवळच्या घरांना पाणी भरपूर मिळते, गल्लीच्या टोकाच्या घराला धार पोहोचत नाही. यकृत, प्लीहा, फुप्फुस या अवयवांत रक्त खेळते असते, तेथे नव्या पेशी सहज जाऊन राहतात. झडपेच्या आत मात्र रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तेथे एन्झाइम फारच थोडे पोहोचते. हाडे आणि कुर्चा यांचीही हीच रडकथा आहे. म्हणून रोपण झालेल्या मुलांना पुढे पाठीचा कणा, खुबा, हाताची बोटे आणि मनगट यांची दुखणी राहतात आणि ऑपरेशने करावी लागतात. शिवाय रोपणापूर्वीच झडपेची जी हानी झालेली असते ती तशीच राहते. रोपण लवकर करण्याचा आग्रह त्यासाठीही आहे.

२०१५ साली अनेक देशांतील इस्पितळांनी मिळून रोपण झालेल्या २१७ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. मुले जगली, वाढली, पण आजाराचा शिल्लक भाग अनेक अवयवांत राहिला, हे तिच्यावरून दिसले. रोपणानंतर ज्यांच्या रक्तातील एन्झाइम पूर्ण पातळीला आले, त्यांचे पुढचे दिवस बहुतेक अवयवांच्या बाबतीत अधिक चांगले गेले, हेही दिसले. याचा अर्थ आई-बापांनी नीट समजून घ्यावा. सख्खा भाऊ किंवा बहीण मज्जेने जुळत असली तरी तीही बिघडलेला एक जनुक बाळगून असू शकते. अशा दात्याच्या रक्तातले एन्झाइम मुळातच निम्म्याच्या आसपास असते. म्हणून दाता ठरविताना त्याचीही एन्झाइम तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. रोपण होऊन गेले असल्यास, 'आमच्या मुलाच्या रक्तात दात्याच्या पेशी किती आहेत आणि एन्झाइमची पातळी किती आहे,' हे डॉक्टरांना विचारून फाइलवर लिहून घ्यावे.

दम लागत नाही म्हणजे हृदय चांगले, असे नाही

झडप खराब असली की माणसाला चालताना, जिना चढताना दम लागतो. त्यावरूनच घरच्यांना कळते. या मुलांचे तसे नसते. गुडघे, खुबे आखडलेले असल्यामुळे ती मुळातच कमी धावतात. शाळेत खेळाच्या तासाला बसून राहतात. 'त्याचे पाय दुखतात' म्हणून कोणी आग्रह करीत नाही. अशा रीतीने सांध्यांचे दुखणे हृदयाचे दुखणे झाकून टाकते. म्हणून या मुलांच्या बाबतीत दम लागण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे. तपासणी हाच खरा साक्षीदार.

तरीही काही गोष्टी घरी दिसू शकतात. जे मूल काल जिना चढत होते ते आज मध्येच थांबते. उशीवर उशी ठेवल्याशिवाय झोप येत नाही. पायांवर, चेहऱ्यावर सूज येते. छातीत धडधडते, घेरी येते. तान्ह्या मुलाला दूध पिताना घाम येतो, श्वास भरभर चालतो, वजन वाढत नाही. लहान मुलाला 'छातीत दुखते' असे सांगता येत नाही. ते नुसते किरकिरते, पांढरे पडते. रात्री मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे हेही साधे समजू नये, कारण वर्षानुवर्षे असे झाल्यास हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. यातील काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

कोणत्या तपासण्या, किती वेळा?

मुख्य तपासणी इकोची. ही हृदयाची सोनोग्राफीच आहे. सुई टोचावी लागत नाही, दुखत नाही, क्ष-किरणही नसतात. झडप किती जाड आहे, किती गळते, हृदयाचा कप्पा फुगला आहे काय, हे तीत दिसते. साधारणपणे वर्षातून एकदा इको करावा. झडपा पुष्कळ काळ स्थिर असतील तर डॉक्टर दोन वर्षांचे अंतर सांगतात. बिघाड वाढत असेल तर कमी. हे अंतर डॉक्टरांनी ठरवावयाचे, आपण नव्हे.

दुसरी तपासणी ईसीजीची. हृदयाच्या ठोक्यांचा ताल तीत कळतो. तिसरी रक्तदाबाची. हर्लरच्या मुलांत लहान वयातही रक्तदाब वाढलेला आढळतो आणि जाड झालेल्या झडपेवर त्याचा जादा भार पडतो. रक्तदाब मोजताना मुलाच्या दंडाला बसणारा लहान पट्टाच वापरला पाहिजे. मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा चुकतो.

आणखी एक कारण आहे. रोपणापूर्वी मुलाची जुनी मज्जा काढून टाकण्यासाठी कॅन्सरमध्ये देतात तशी कडक औषधे द्यावी लागतात. त्यांपैकी सायक्लोफॉस्फमाइड मोठ्या मात्रेत दिल्यास हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते. शिवाय कोणत्याही आजारासाठी रोपण झालेल्या माणसांत पुढील आयुष्यात रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील चरबी वाढण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून तरुणपणापासूनच साखर आणि चरबी तपासावी. खारे, तळलेले रोजच्या जेवणात कमी करावे. बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यांना जवळ येऊ देऊ नये. घरातल्या मोठ्यांनीही मुलाजवळ बिडी ओढू नये.

दात, भूल आणि ऑपरेशन

तोंडाच्या स्वच्छतेचा हृदयाशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. किडलेल्या दातातले, सुजलेल्या हिरड्यांतले जंतू रक्तात उतरतात आणि खराब झडपेवर जाऊन बसतात. तेथे त्यांचे घर झाले तर जिवावर बेतते. म्हणून दोन वेळ दात घासणे आणि सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे जाणे ही या मुलाच्या हृदयाचीच निगा आहे. दात काढण्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे. कृत्रिम झडप बसविलेली असेल तर आधी प्रतिजैविक औषध घ्यावे लागते. आठवडाभर न उतरणारा ताप आला तर 'मला झडपेचा त्रास आहे' हे पहिल्यांदा सांगावे, मग गोळी घ्यावी.

या मुलांना भूल देणे अवघड असते. मान आखूड, जबडा कमी उघडणारा, श्वासनलिका अरुंद आणि काहींच्या मानेचे मणके सैल असतात. त्यात झडपेचा आजार. म्हणून हर्निया असो, बोटांचे असो की खुब्याचे असो, कोणतेही ऑपरेशन लहान समजू नये. आधी इको करून घ्यावा. ऑपरेशन अशा मोठ्या इस्पितळात करावे जेथे अवघड भूल देण्याचा अनुभव आणि अतिदक्षता विभाग दोन्ही आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचे नाव स्वतः सांगावे. फाइलमध्ये लिहिले आहे, ते वाचतील, यावर विसंबू नये.

झडप फारच बिघडली तर ती बदलता येते. धातूची झडप बसविल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि पीटी-आयएनआर नावाची रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. गोळी चुकली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. हे सांगण्याचा हेतू घाबरविण्याचा नाही. वेळेवर ठरवून केलेले ऑपरेशन आणि हृदय थकल्यावर घाईत केलेले ऑपरेशन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दरवर्षीचा इको आपल्याला ती योग्य वेळ दाखवितो.

मूल मोठे होते तेव्हा

पूर्वी ही मुले १० वर्षांचीही होत नव्हती, त्यामुळे पुढचा प्रश्नच नव्हता. आज रोपण झालेली मुले कॉलेजात जात आहेत, नोकरी करीत आहेत. आणि नेमका येथेच धागा तुटतो. अठरा वर्षे झाली की मुलांचा विभाग म्हणतो, आता मोठ्यांकडे जा. मोठ्यांच्या विभागात या आजाराचे नाव ऐकलेला डॉक्टर भेटेलच असे नाही. मुलगाही म्हणतो, मी बरा आहे. असे म्हणता म्हणता चार-पाच वर्षे विनातपासणी निघून जातात.

म्हणून आमची सूचना अशी, की पंधरा-सोळाव्या वर्षापासून मुला-मुलीला स्वतःचा आजार सांगता आला पाहिजे. आजाराचे नाव, रोपण कोणत्या वर्षी झाले, दाता कोण, कोणती औषधे दिली, कोणती झडप खराब आहे आणि शेवटचा इको कधी झाला, एवढे एका कागदावर लिहून खिशात ठेवावे. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पावसापाण्यापासून दूर ठेवावेत आणि झेरॉक्स दुसऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी. मुलांच्या विभागातून निघताना डॉक्टरांकडून पुढच्या डॉक्टरांच्या नावे सविस्तर चिठ्ठी मागून घ्यावी. किती ओझे उचलावे, कोणते काम धरावे, हे इको पाहून विचारावे. मुलीचे लग्न ठरविताना ही गोष्ट लपवू नये. गर्भधारणेत हृदयाचे काम पुष्कळ वाढते, म्हणून त्याआधी हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. रोपणापूर्वीच्या कडक औषधांमुळे मूल होण्यात अडचण येऊ शकते, तेही डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे.

पैशाचे काय?

रोपणाचा खर्च हातावर पोट असलेल्या कुटुंबाला झेपणारा नाही, हे आम्ही जाणतो. केंद्र सरकारने २०२१ साली दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. एकदाच कराव्या लागणाऱ्या उपचाराने ज्यांचा प्रश्न सुटतो, अशा आजारांचा त्यात पहिला गट आहे आणि पहिल्या दोन वर्षांच्या आत रोपण करावयाच्या तीव्र एमपीएस-१ चा त्यात स्पष्ट समावेश आहे. २०२२ साली मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. ही मदत ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत मिळते आणि त्या यादीत मुंबईच्या परळ येथील केईएम इस्पितळाचे नाव आहे. दोन वर्षांची अट लक्षात घेता निदान होताच नाव नोंदविण्यास धावले पाहिजे.

इकोची सोय मोठ्या सरकारी व महापालिकेच्या इस्पितळांत असते आणि तेथे तो खासगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत होतो. झडपेचे ऑपरेशन सांगितल्यास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेविषयी इस्पितळातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड अद्ययावत ठेवावे. नावातील एका अक्षराच्या फरकाने काम अडते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

संशोधनही थांबलेले नाही. २०२१ साली इटलीतील मिलान येथून ८ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात मुलाच्याच पेशी काढून, त्यांत चांगला जनुक घालून त्या परत दिल्या होत्या आणि रक्तातील एन्झाइम नेहमीच्या पातळीपेक्षाही वर गेले होते. झडपांना त्याचा किती लाभ होतो हे ती मुले मोठी होतील तसे कळेल.

वाचकहो, दात्याने आपली मज्जा दिली, डॉक्टरांनी कौशल्य दिले, आई-बापांनी रात्री जागून काढल्या. एवढ्या सर्वांच्या कष्टाने एक मूल वाचले. ते पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगावे यासाठी वर्षातला एक दिवस इस्पितळाच्या रांगेत काढावा लागला आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली, तरी तो सौदा महाग नाही. पेटीच्या तळाशी ठेवलेली फाइल आजच बाहेर काढा. शेवटच्या इकोची तारीख पाहा. तिला वर्ष उलटून गेले असेल, तर या आठवड्यातच इस्पितळात जाऊन पुढची तारीख घ्या.